जांभा, काळी माती आणि फ्रीलँडर २

बेळगावातून जांबोटीच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात जांभ्याची लाल जमीन, दाट झाडी आणि पावलोपावली आडवे येणारे ओढे सुरू होतात. उलट दिशेला, गोकाक किंवा सौंदत्तीकडे निघाले, तर दीड-दोन तासांत काळे रान लागते, जिथे सावली विरळ असते आणि पावसात माती पाय धरून ठेवते. एकाच जिल्ह्यात असलेल्या या दोन जमिनींच्या गाडीकडून असलेल्या अपेक्षा एकमेकींशी मुळीच जुळत नाहीत. ऑल-व्हील ड्राइव्ह असलेली आलिशान एसयूव्ही कच्च्या वाटांवरच्या मुक्कामी प्रवासासाठी कशी तयार करावी, याविषयी जे वाचायला मिळते ते बहुतेक वाळवंट, बर्फ किंवा ऑस्ट्रेलियातील शेकडो किलोमीटर लांबीचे मातीचे रस्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. त्यातील निम्म्या वस्तू आपल्याकडे निव्वळ ओझे ठरतात. म्हणून माझ्या लँड रोव्हर फ्रीलँडर २ मध्ये मी कोणते बदल केले, कोणते मुद्दाम टाळले आणि का, हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. अशा गाडीत कारखान्याने दिलेले सामर्थ्य पुष्कळ असते. आपले काम ते वाटेत मोडू न देण्याचे आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च व वजन दोन्ही लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच कमी आहे.

ही गाडी आपल्याला अगदीच परकी नाही. जग्वार लँड रोव्हरने २०११ साली पुण्यात गाड्यांची जुळणी सुरू केली ती फ्रीलँडर २ पासून. २.२ लिटरचे डिझेल इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, जमिनीपासून २१० मि.मी. उंची आणि पाण्यातून जाण्याची ५०० मि.मी. मर्यादा, ही तिची मूळ पुंजी. शिवाय टेरेन रिस्पॉन्सची कळ आहे, जी फिरवली की गवत-खडी, चिखल किंवा वाळू यांप्रमाणे इंजिनचा प्रतिसाद, गिअर बदलण्याची रीत आणि ब्रेकचे नियंत्रण बदलते. तिच्यात नसलेल्या गोष्टीही तितक्याच स्पष्टपणे ध्यानात ठेवल्या पाहिजेत. तिला थार किंवा गुरखाप्रमाणे लो-रेंज, म्हणजे संथ वेगात जास्त जोर देणारे जादा गिअर, नाहीत, डिफरन्शिअल लॉक, म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे कुलूप, नाही, आणि शिडीसारखी वेगळी चौकटही नाही. सगळा सांगाडा एकसंध, म्हणजे मोनोकॉक आहे. मग थारच का घेतली नाही, असे मला अनेकांनी विचारले. घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन राष्ट्रीय महामार्गाने पुण्यापर्यंत जायचे आणि त्याच गाडीने कणकुंबीच्या पलीकडच्या कच्च्या वाटेवरही उतरायचे, अशी दोन्ही कामे एकाच गाडीकडून हवी असतील, तर माझ्या दृष्टीने हाच पर्याय योग्य आहे.

बदल करण्याआधी ही गाडी चारही चाकांना ताकद कशी पोहोचवते ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावर अवलंबून आहेत. इंजिन आडवे बसवलेले आहे आणि ताकद मूलतः पुढच्या चाकांना जाते. गिअरबॉक्सला लागून असलेल्या एका जोडपेटीतून लांब शाफ्ट मागे जातो, आणि मागच्या डिफरन्शिअलच्या, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, तोंडाशी हाल्डेक्स नावाचा, तेलाच्या दाबावर चालणारा अनेक चकत्यांचा क्लच असतो. संगणक गरजेप्रमाणे या चकत्या आवळतो आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. एखादे चाक हवेत उचलले गेले किंवा चिखलात नुसतेच फिरू लागले, तर संगणक त्या चाकाला ब्रेक लावतो आणि ताकद त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे वळते. ही व्यवस्था हुशार आहे, पण ती घर्षणावर चालते, आणि घर्षण म्हणजे उष्णता. चाके फार वेळ गरगरत राहिली तर क्लचचे तेल तापते आणि यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी मागची ताकद कमी करते. त्यामुळे चाक मुळात घसरणारच नाही, अशी व्यवस्था करणे हा या गाडीचा खरा सुधार आहे, आणि त्यात पहिला मान टायरांचा.

माझी गाडी १९ इंची चाकांवर होती. त्यावर २३५/५५ मापाचे टायर, म्हणजे टायरच्या कडेची उंची केवळ १२९ मि.मी. शहरात हे देखणे दिसते. जांभ्याच्या धारदार कडेवर मात्र टायरची भिंत फाटायला एक चुकीचे वळण पुरते. मी कारखान्याने याच मॉडेलसाठी दिलेली १७ इंची चाके शोधून काढली आणि त्यावर २३५/६५ मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे, टायर चढवले. आता कडेची उंची १५३ मि.मी. आहे, म्हणजे २४ मि.मी. जास्त रबर, आणि टायरचा बाहेरचा व्यास ७४१ ऐवजी ७३७ मि.मी., म्हणजे जवळपास तेवढाच. स्पीडोमीटर, एबीएस, गिअर बदलण्याचे गणित, यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. मोठे टायर घालून गाडी उंच दिसावी असा मोह अनेकांना होतो, पण लो-रेंज नसलेल्या गाडीत व्यास वाढवणे म्हणजे चढावर आधीच अपुरा असलेला पहिला गिअर आणखी कमजोर करणे. तो मोह टाळलेलाच बरा.

२३५/६५ आर १७ हे माप निवडण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते पूर्णपणे आपल्या भागातील आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० च्या आणि टाटाच्या हॅरियरच्याही काही प्रकारांना हेच माप लागते. त्यामुळे निपाणीत किंवा चिक्कोडीत टायर निकामी झाला तरी त्या मापाचा टायर मिळण्याची शक्यता चांगली असते. १९ इंची टायरसाठी कोल्हापूर किंवा पुण्याकडून कुरिअरची वाट पाहत बसावे लागले असते. दूरच्या प्रवासासाठी केलेल्या तयारीत सुटा भाग जवळच्या गावात मिळणे ही गोष्ट मी ताकदीच्याही वर ठेवतो.

हाल्डेक्सच्या गाडीत टायरांचा एक नियम कडकपणे पाळावा लागतो. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत. पुढचे नवे आणि मागचे जुने असतील तर दोन्ही ॲक्सलच्या चाकांचा घेर वेगळा होतो, मग क्लच आणि जोडपेटी सरळ डांबरी रस्त्यावरही सतत ताणाखाली राहतात, आणि तो ताण पुढे महागात पडतो. म्हणून मी पाच टायर एकदम घेतले आणि सुटा टायरही फेरबदलात धरला आहे. बारीक चाकाचा तात्पुरता सुटा टायर घेऊन कच्च्या वाटेवर जाऊ नये. नवीन टायरचा भार-निर्देशांक, म्हणजे तो किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा, दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्यापेक्षा कमी नसावा, हेही दुकानात उभे राहून स्वतः तपासावे.

टायर बदलल्यानंतर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे मीटर आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर. डांबरावर मी ३३ ते ३५ पीएसआय ठेवतो. जांभ्याच्या खडबडीत वाटेवर २६ ते २८ पुरेसे होतात, आणि ओल्या चिखलाचा पट्टा समोर आला तर २० ते २२ पर्यंत उतरतो. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, दगडाला अंग देतो आणि त्याची पकड वाढते. मात्र त्या दाबावर वेग अगदी कमी ठेवावा, वळणे झटक्यात घेऊ नयेत, आणि डांबर लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी, अन्यथा टायर आतून तापून खराब होतो.

दुसरे मोठे काम गाडीच्या पोटाचे. कारखान्याकडून अशा गाड्यांच्या इंजिनखाली बहुधा प्लॅस्टिकचे आवरण येते, जे चिखल आणि आवाज अडवते, दगड नाही. बेळगावात राहणाऱ्याला या बाबतीत परदेशातून तयार पत्रा मागवण्याची काहीच आवश्यकता नाही. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंग, लेथ, हायड्रॉलिक्स आणि पत्र्याच्या कामाची जी परंपरा आहे, तिच्यापुढे अशा कामाला अवघड म्हणता येणार नाही. मी प्रथम पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीखाली धरला, सबफ्रेमवर, म्हणजे इंजिनखालच्या जोडचौकटीवर, मूळचीच असलेली बोल्टची ठिकाणे त्यावर उतरवली आणि तो साचा घेऊन पत्र्याचे काम करणाऱ्या मेस्त्रींकडे गेलो. मी ६०६१ दर्जाचे ॲल्युमिनियम घ्यायचे म्हणत होतो, कारण ते अधिक कणखर असते. मेस्त्रींनी साचा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, एवढे बेंड मारायचे असतील तर ५०५२ घ्या. ६०६१ कोपऱ्यात तडकतंय बघा." त्यांचे म्हणणे धातुशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. कडक केलेले ६०६१ लहान त्रिज्येत वाकवले की चिरते; ५०५२ वाकते, दगडाच्या आघाताने पोचा येतो, पण फुटत नाही, आणि पावसाळी हवेत गंजाला अधिक दाद देत नाही.

पोलाद की ॲल्युमिनियम, हा निर्णय वजनाच्या हिशेबाने घ्यावा. साधारण ९० बाय ७० सेंटिमीटरचा पत्रा धरला, तर ३ मि.मी. पोलादाचे वजन जवळपास १५ किलो होते आणि ५ मि.मी. ॲल्युमिनियमचे साडेआठ किलो. पुढच्या ॲक्सलच्याही पुढे टांगलेले साडेसहा किलो वाचले, तर पुढच्या स्प्रिंगवरचा ताण तेवढा कमी. पत्र्याची पुढची कड वर वळवलेली असावी, म्हणजे दगडाला ती अडत नाही, त्यावरून सरकते. बोल्टची डोकी पत्र्यात बुडलेली असावीत, नाहीतर पहिल्याच घासणीत ती सपाट होतात आणि पुन्हा पाना बसत नाही. इंजिनच्या तळाशी आणि पत्र्यात दीड-दोन सेंटिमीटर अंतर हवे, तेल काढण्याच्या बुचाखाली भोक हवे, आणि मागच्या बाजूने गरम हवा व चिखल निघून जाण्यास मोकळी जागा हवी. ॲल्युमिनियम आणि पोलादी बोल्ट थेट एकमेकांना लागून ओले राहिले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घातले आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोनोकॉकच्या मुख्य तुळयांना कोठेही भोक पाडलेले नाही आणि वेल्डिंग केलेले नाही. या तुळया उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने त्यांची ताकद त्या जागी घटते आणि अपघातात गाडीने ज्या रीतीने चेपायचे ठरलेले असते ती रीतच बिघडते. दारांखाली दगडरोधक नळ्या बसवण्याचा विचार मी याच कारणाने सोडून दिला.

गाडी उंच करण्याबाबत माझे मत बहुतेकांपेक्षा सावध आहे. २५ ते ३० मि.मी. पर्यंतची वाढ, तीही योग्य स्प्रिंग घालून, समजण्यासारखी आहे. त्याहून अधिक उंची वाढवली की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळले-हलले तरी त्याला ताकद पोहोचवणारे सांधे, नेहमीच तिरक्या कोनात फिरू लागतात, त्यांची रबरी टोपणे फाटतात आणि आत माती शिरली की जॉइंटचे आयुष्य संपते. स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या जोडीच्या, डोक्यावर केवळ ठोकळा ठेवून उंची वाढवण्याची पद्धत स्वस्त असली तरी चाक पूर्ण खाली लोंबते तेव्हाचा कोन ती आणखी वाईट करते. शिवाय गाडीचे गुरुत्वमध्य वर सरकते, आणि घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मूळ उंचीला धरून बसवलेली असते हे विसरून चालत नाही. चोर्ला घाटाची वळणे पावसात उतरताना मला त्या यंत्रणेवर पूर्ण विश्वास हवा असतो. मी शेवटी मागच्या बाजूला थोडे कणखर स्प्रिंग घातले, कारण सामानाचे वजन तिथेच पडते, आणि उंची भरलेल्या गाडीची मूळच्या इतकीच ठेवली. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट आणि हेडलाइटची पातळी पुन्हा लावून घेतली.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण खानापूर तालुक्यात पावसाळ्यात फिरायचे तर पाणी चुकवता येत नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई देगावजवळ, आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे जून ते सप्टेंबर या काळात तासाभरात आपले रूप बदलतात. गाडीला उंच हवानळी, म्हणजे स्नॉर्केल, बसवण्याची चर्चा फार होते. पण ५०० मि.मी. ची मर्यादा मानणाऱ्या माणसाला आधी काळजी घ्यावी लागते ती डिफरन्शिअल, गिअरबॉक्स आणि जोडपेटी यांच्या श्वासनळ्यांची, म्हणजे त्यांतील हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या बारीक नळ्यांची. चालून तापलेले डिफरन्शिअल एकदम थंड ओढ्यात बुडाले की आतील हवा आकुंचन पावते आणि त्या ओढीने पाणी सील किंवा श्वासनळीतून आत खेचले जाते. तेलात पाणी मिसळून ते दुधाळ होते आणि बेअरिंग हळूहळू खराब होतात, तेही अशा रीतीने की आवाज येईपर्यंत कळत नाही. या श्वासनळ्यांना तेल सोसणारी रबरी नळी जोडून ती इंजिनच्या कप्प्यात वरपर्यंत नेणे हे अगदी थोड्या खर्चाचे काम आहे, आणि आपल्या भागासाठी मी ते स्नॉर्केलच्या कितीतरी आधी करायला सांगेन.

ओढा पार करताना आधी उतरून काठीने तळ चाचपावा. पाणी वाहते असेल आणि गुडघ्याच्या वर असेल, तर ५०० मि.मी. चा आकडा विसरून थांबावे, कारण तो आकडा स्थिर पाण्याचा आहे आणि वाहते पाणी पावणेदोन टनांच्या गाडीलाही बाजूला ढकलते. पार करायचेच ठरले तर माणसाच्या चालण्याच्या वेगाने, न थांबता, समोर उठणारी लाट मोडू न देता जावे. निपाणी आणि चिक्कोडी तालुक्यांत दूधगंगा, वेदगंगा व कृष्णेवरचे कारदगा-भोज किंवा कल्लोळ-यडूर यांसारखे कमी उंचीचे पूल पुरात बुडतात. त्या वेळी कोणतीही गाडी, कितीही तयार केलेली असली, तिथे नेऊ नये. पुलाचा कठडा दिसत नाही आणि खालचा भराव वाहून गेलेला असू शकतो.

पूर्वेकडच्या काळ्या मातीसाठी मात्र मी गाडीत कोणताही बदल केलेला नाही, आणि करण्यासारखा काही बदल आहे असे मला वाटत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या नक्षीत इतकी गच्च बसते की ऑल-टेरेन टायर काही मीटरमध्ये गुळगुळीत होतो. मग ती चाकाच्या कमानीत साठते, एबीएसच्या सेन्सरवर लिंपली जाते, ब्रेकच्या आजूबाजूला घट्ट होते. इथे इंजिनची ताकद वाढवून उपयोग नसतो, कारण अधिक गरगरण्याने हाल्डेक्स तापतो आणि गाडी आणखी खोल जाते. सौंदत्ती-रामदुर्गकडचे शेतकरी पाऊस पडला की ट्रॅक्टरही रानात घालत नाहीत; एक चांगले ऊन पडेपर्यंत थांबतात. प्रवासाच्या आखणीत त्या भागासाठी एक मोकळा दिवस ठेवणे हीच तिथली तयारी.

तरीही गाडी रुतते, आणि रुतल्यावर सीमाभागात मदतीला येतो तो ट्रॅक्टर. उसाच्या हंगामात रायबाग, चिक्कोडी, हुक्केरी या पट्ट्यात डबल ट्रॉलीच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या एवढ्या खोल असतात की २१० मि.मी. उंचीचे पोट मधल्या उंचवट्यावर टेकते आणि चारही चाके निरुपयोगी होतात. ट्रॅक्टरवाला दादा मदतीस नेहमी तयार असतो, परंतु त्याच्याजवळ लोखंडी साखळी असते आणि साखळी एका झटक्यात ताणली जाते. कारखान्याने दिलेला टोइंग हुक सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यासाठी असतो. चिखलाने धरलेल्या गाडीला बसणारा झटका सोसेलच असे नाही. म्हणून आपला स्वतःचा रुंद पट्टा जवळ बाळगावा, ४.७५ टन क्षमतेचे पाऊण इंची शॅकल (पट्टा अडकवण्याची पोलादी कडी) वापरावे, पट्ट्यावर मध्यभागी जाड गोधडी किंवा ओले पोते टाकावे, आणि दादांना विनंती करावी की पट्टा आधी ताणून घ्या आणि मग सावकाश ओढा. बघ्यांना पट्ट्याच्या लांबीपेक्षा दूर उभे करावे. ट्रेलर जोडण्याच्या गोल बोंडाला पट्टा कधीही अडकवू नये. ते तुटले तर जीव घेते. खरे तर बहुतेक वेळा ट्रॅक्टरची वेळ येत नाही. फावड्याने पोटाखालची माती काढली, टायरची हवा उतरवली आणि पुढच्या चाकांखाली रिकव्हरी बोर्ड, म्हणजे पकड देणाऱ्या खडबडीत पाट्या, सारल्या की गाडी आपल्या बळावर निघते. जॅक लावण्यासाठी एक जाड फळी सोबत असावी, कारण ओल्या जमिनीत जॅकच खाली जातो.

मुक्कामाच्या सामानाबाबत माझा हात आखडता आहे. या वर्गातील गाड्यांच्या छपरावर साधारण ७५ ते १०० किलो भार चालतो, तोही कॅरिअरच्या वजनासह आणि डांबरी रस्ता गृहीत धरून. छपरावर घडीचा तंबू चढवला की ५०-६० किलो तिथेच संपतात आणि उतरत्या तिरप्या वाटेवर गाडी डोलू लागते. मी मागची आसने पाडून १२ मि.मी. मरीन प्लायची पाटी केली आहे. त्याखाली पाण्याची टाकी आणि हत्यारे राहतात, वर दोघे झोपतात. पश्चिम घाटातील पावसात तंबू वाळवण्याच्या त्रासापेक्षा हे कितीतरी सुखाचे आहे. फक्त खिडक्या थोड्या उघड्या ठेवता याव्यात म्हणून त्यांना जाळी हवी, नाहीतर काचांवर आतून पाणी धरते. डिझेलचा जादा कॅन मी ठेवत नाही. ६८ लिटरची टाकी भरली तर खानापूर, चंदगड, निपाणी या टापूत पंप नक्कीच गाठता येतो. फ्रिज हवा असणाऱ्यांनी वेगळी बॅटरी घ्यावी. १२ व्होल्टचा लहान फ्रिज दिवसाला ४० अँपिअर-तासांच्या आसपास खातो, म्हणजे १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी दोन दिवस पुरते, आणि तिचे वजन शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी असते. वायर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घालूनच पुढे न्यावी, आणि गाडीच्या मूळ वायरिंगला चिरा देऊन जोडण्या करू नयेत. या गाड्यांतील संगणकांना ते सहन होत नाही.

सीमाभागात राहणाऱ्याला कायद्याची बाजू जास्त बारकाईने पाहावी लागते, कारण एका दिवसात आपण कोगनोळी, शिनोळी किंवा चोर्ल्याच्या मार्गाने कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांपैकी कोणत्याही राज्याच्या पोलिसांसमोर उभे राहू शकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याने नमूद केलेल्या तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात तो अर्थ अधिक स्पष्ट केला. पुढच्या लोखंडी कठड्यांविरुद्ध, म्हणजे बुल बारविरुद्ध, कारवाई करण्याच्या सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या होत्या. बुल बार सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईट आहे, कारण त्यामुळे धडकेचा आघात थेट तुळयांवर जातो आणि एअरबॅगची वेळ चुकू शकते. डोळे दिपवणारे जादा एलईडी दिवे मी लावलेले नाहीत. चाके कारखान्याने याच मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापाचीच निवडण्यामागे हाही विचार होता. विमा कंपनीला बदलांची लेखी माहिती द्यावी, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद उरत नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. खानापूर तालुक्यातील भीमगड हे २०११ साली अभयारण्य घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. त्यातील वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी नेऊ नये. आमगाव, गवाळी, पास्टोली, देगाव यांसारख्या गावांतील लोकांना पावसाळ्यात दवाखाना आणि बाजार गाठण्यासाठी याच कच्च्या वाटांचा आधार असतो. आपण हौसेने तिथे चाके गरगरवून चाकोऱ्या खोल केल्या, तर त्या वाटेवरून उद्या आजारी माणसाला नेणे अधिक कठीण होते. चोर्ला, चंदगड आणि आंबोलीकडच्या जांभ्याच्या सड्यांवर तर पावसाळ्यात गाडी अजिबात चढवू नये. तिथे बोटभर मातीच्या थरात दवबिंदू आणि सीतेची आसवे यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात, आणि टायरची एक फेरी तो थर उकरून टाकते. सड्यावरचा मोकळेपणा पाहून तिथे गाडीचे छायाचित्र काढण्याची इच्छा होते, हे मी समजू शकतो. गाडी रस्त्यावर ठेवून चालत जावे.

पुढचे काम गिअरबॉक्सचे आहे. लो-रेंज नसल्यामुळे तीव्र चढावर संथ जाताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या माध्यमातून जोडणारा भाग, घसरत राहतो आणि ती सारी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात उतरते. कारखान्याचे वेळापत्रक काहीही असले, तरी अशा वापरात ते ६० हजार किलोमीटरच्या आसपास बदलणे मला आवश्यक वाटते, आणि त्याच वेळी हाल्डेक्सचे तेल व गाळणीही बदलून मागच्या डिफरन्शिअलची बेअरिंगे गाडी उचलून, चाक हाताने फिरवून ऐकावीत. तेल थंड करणारा छोटा जादा कूलर बसवायचा तर तो मूळच्या कूलरनंतर एकापाठोपाठ जोडावा लागतो. त्याच्यासाठी बंपरच्या आतल्या बाजूला जागा मोजून ठेवली असून, मूळच्याच दोन बोल्टवर बसेल असा कंस उद्यमबागेत करायला दिला आहे. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येण्याआधी तो बसवायचा आहे, कारण त्या दिवसांत रायबागच्या वाटेवर सगळा प्रवास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच होतो.